जीभ पुढे, ओठ गोल

कँटोनीज शिकायला बसलेल्या मराठी माणसाला धास्ती असते ती सुरांची. उच्चार एकच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि असे सूर सहा. माझा जास्त वेळ मात्र जिभेपाशी गेला, आरशासमोर.

‘ई’ म्हणून पाहा. जीभ पुढे येऊन टाळूकडे चढते, तिच्या कडा वरच्या दाढांना टेकतात, ओठ फाकतात. आता ‘ऊ’ म्हणा. जीभ मागे, ओठ गोल. मराठीत ही सांगड पक्की आहे. कँटोनीज ती सोडवते. ‘सी’ म्हणजे कविता. ते म्हणता म्हणता जीभ तसूभरही न हलवता ओठ तेवढे गोल केले की झालं ‘पुस्तक’! सूर तोच, गोल ओठांमुळे ‘स’ जरासा ‘श’कडे झुकतो, इतकंच. या स्वराला देवनागरीत चिन्ह नाही. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संघटनेने १९९३ साली आणलेल्या ज्यूतपिंग या रोमन लेखनात तो ‘वाय’ आणि ‘यू’ अशा दोन अक्षरांनी लिहितात. ती अक्षरं पाहून तोंडातून ‘यू’ निघतं आणि जीभ मागे घसरते. दाढांचा स्पर्श सुटला की ओळखावं.

कान तयार करायचा असेल तर कुजबुजत म्हणावं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. सूर गळून पडतो आणि तोंडाच्या पोकळीचा नाद उरतो. जीभ थोडी जरी सरकली तरी तो बदलतो.

सरावाला हाँगकाँग या नावाइतकं चांगलं काही नाही. स्थानिक उच्चारात त्याच्या दोन्ही भागांत ओठ गोलच असतात. पहिल्यात जीभ पुढे, साधारण ‘ॲ’च्या जागी, दुसऱ्यात मागे, ‘ऑ’पाशी. इंग्रजी स्पेलिंगने हे दोन्ही स्वर एकसारखे करून टाकले, याची मला खरोखर हळहळ वाटते.

एका बाबतीत मात्र मराठी जीभ आधीच तयार असते. ‘साम’ म्हणजे तीन, ‘सम’ म्हणजे हृदय. ‘काय’ म्हणजे रस्ता, ‘कय’ म्हणजे कोंबडी. हा भेद केवळ लांबीचा नाही, जिभेच्या उंचीचाही आहे, आणि तो आपण ‘अ’ आणि ‘आ’ म्हणताना रोज पाळतो. फक्त कोंबडीतला ‘अ’ आपल्या ‘अ’पेक्षा थोडा खालचा आहे. तिथे जबडा किंचित जास्त उघडावा लागतो.