झीज, धार आणि बोराइड

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची घरे कुलूपबंद झालेली असतील. दिवाळीच्या आगेमागे धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते ती कोयत्यावर. बीडच्या या स्थलांतराबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. प्रत्यक्ष कोयत्याच्या पात्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याच्या कांड्यांत साखर जास्त असते. त्यामुळे पाते मातीत घुसते, खड्यावर आपटते आणि धार जाते. मजुरी टनावर मिळते. धार लावण्यात गेलेला वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. झीज हा पोलादाचा गुणधर्म खरा, पण तिची किंमत माणूस मोजतो. म्हणून धातू आणि बोरॉन यांच्या संयुगांविषयी, म्हणजे बोराइडांविषयी, लिहिताना मला सुरुवात प्रयोगशाळेतून करावीशी वाटली नाही.

झिजेचे गणित सोपे आहे. जो पदार्थ दुसऱ्यापेक्षा कठीण, तो दुसऱ्याला ओरखडतो. कठीणपणा मोजण्याच्या विकर्स मापावर पाणी दिलेले चांगले पोलाद साधारण ५०० ते ७०० भरते. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, १००० च्या वर जाते. बालाघाटचा डोंगर बेसाल्टचा आहे आणि या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटीचे थर आणि खडे बसलेले असतात. खडक झिजून माती होते, गारगोटी तशीच राहते. काळ्या जमिनीत ती कमी असते. डोंगरउताराच्या मुरमाड रानात रोटाव्हेटरची पाती लवकर खाल्ली जातात, त्यात हिचा मोठा हात असतो. पोलादाला कितीही चांगले पाणी दिले तरी गारगोटीपुढे ते मऊच पडते.

लोखंडाचे बोराइड विकर्स मापावर १६०० ते २००० पर्यंत जाते. गारगोटी त्याला ओरखडू शकत नाही.

बोरॉन आपल्याकडे अनोळखी नाही. सोनार डाग देताना टाकणखार वापरतो, लोहारही लोखंडाला लोखंड जोडताना वापरतो. टाकणखार म्हणजे बोरॉन, सोडियम आणि प्राणवायू यांचे लवण. तापवल्यावर ते वितळून काचेसारखे होते आणि धातूवरची ऑक्साइडची पापुद्री विरघळवून टाकते. पूर्वी हा खार तिबेट आणि लडाखकडून येई. लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांच्या काठी तो आजही सापडतो. आता जगातले बोरॉनचे सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत आणि भारत आपली गरज मुख्यतः आयातीवर भागवतो. पण टाकणखारातला बोरॉन प्राणवायूला घट्ट धरून बसलेला असतो, तो धातूत शिरत नाही. त्याला प्राणवायूपासून सोडवून थेट धातूशी बांधले तरच बोराइड होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंरी म्वासाँ याने विजेच्या ठिणगीभट्टीत अशी संयुगे पद्धतशीरपणे करून पाहिली.

या संयुगांची रचनाच वेगळी आहे. टायटॅनियम डायबोराइड घ्या. त्यात बोरॉनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत एका थरात बसतात, त्यावर टायटॅनियमचा थर, पुन्हा बोरॉनचा. बोरॉन-बोरॉन बंध अत्यंत बळकट असल्याने कठीणपणा आणि ३२०० अंश सेल्सिअसच्या पुढचा वितळणबिंदू मिळतो. धातूचे इलेक्ट्रॉन मोकळे राहत असल्याने विजेचे वहनही होते, आणि तेही शुद्ध टायटॅनियमपेक्षा चांगले. चिनीमातीच्या जातीचा कठीणपणा आणि धातूची वाहकता एकाच पदार्थात क्वचित सापडते. वितळलेले ॲल्युमिनियमही याला खात नाही. फराळाच्या पाकिटांवर जो चंदेरी मुलामा असतो, तो देताना निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करतात; ती वाफ ज्या तापत्या पन्हळीतून निघते, ती बहुधा टायटॅनियम डायबोराइड आणि बोरॉन नायट्राइड यांच्या मिश्रणाची असते.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत भरीव काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. टायटॅनियम, झिर्कोनियम, हाफ्नियम, क्रोमियम, युरोपियम अशा अनेक धातूंची बोराइडे तिथल्या संशोधकांनी तयार केली. ए. के. सुरी, सी. सुब्रमणियन, जे. के. सोनबेर, टी. एस. आर. सी. मूर्ती ही नावे या क्षेत्रातल्या शोधनिबंधांत वारंवार भेटतात. धातूचे ऑक्साइड, बोरॉन कार्बाइड आणि कार्बन एकत्र करून निर्वात भट्टीत तापवले की कार्बन प्राणवायूला घेऊन वायुरूपाने निघून जातो आणि बोराइडची भुकटी उरते. खरी अडचण पुढे आहे. ही भुकटी दाबून सलग घन ठोकळा करणे महाकठीण, कारण जो पदार्थ ३२०० अंशांना वितळतो त्याचे कण एकमेकांना सहज चिकटत नाहीत. टायटॅनियम सिलिसाइडसारखे पदार्थ थोडे मिसळले तर बऱ्याच कमी तापमानाला दाट ठोकळा होतो, हे या गटाने दाखवले. अणुऊर्जेला यात रस असण्याचे आणखी एक कारण आहे. नैसर्गिक बोरॉनचा सुमारे पाचवा हिस्सा बोरॉन-१० या समस्थानिकाचा असतो आणि तो न्यूट्रॉन विलक्षण वेगाने गिळतो.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दत्तात्रय लटे, महेंद्र मोरे, दिलीप जोग यांनी लॅन्थॅनम हेक्झाबोराइडचा पातळ थर टंगस्टनच्या टोकावर चढवून इलेक्ट्रॉन सोडण्याची त्याची क्षमता तपासली. इंदूरचे शास्त्रज्ञही त्यात होते आणि तो निबंध २००६ साली आला. इलेक्ट्रॉन सहज सोडणारे हे बोराइड सूक्ष्मदर्शकांच्या इलेक्ट्रॉन-स्रोतात वापरतात.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती कुलाब्याची कथा. १९९३ च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन आणि सहकारी, पवईच्या आयआयटीचे बी. डी. पडालिया यांच्यासह, यिट्रियम-निकेल-बोरॉनचे एक संयुग तपासत होते. त्यांना त्याच्या चुंबकीय वागणुकीत रस होता. निकेल हा चुंबकत्वाचा धातू; त्यात अतिवाहकता, म्हणजे विद्युतरोध पूर्ण नाहीसा होणे, शोधायला कोणी जात नसे. तरीही निरपेक्ष मापाच्या १२ अंशांजवळ त्या नमुन्याचा विद्युतरोध घसरला. अतिवाहक झालेला अंश मात्र अगदी थोडा होता. असा क्षीण संकेत अशुद्धीवर ढकलून कोणीही विसरला असता. या मंडळींनी त्या अशुद्धीचाच माग काढला. नमुन्यात कार्बनचा अंश होता. मग त्यांनी कार्बन मुद्दाम मिसळला आणि सगळा नमुना अतिवाहक झाला. १९९४ च्या जानेवारीत ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने या कुळाची स्फटिकरचना उलगडली आणि पॅलेडियम वापरून २३ अंशांपर्यंत मजल मारली. या कुळातल्या होल्मियम आणि एर्बियमच्या संयुगांत चुंबकत्व आणि अतिवाहकता एकत्र नांदतात, म्हणून त्यांचा अभ्यास पुढेही जगभर झाला. पुढे २००१ साली जपानच्या जुन आकिमित्सु यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइड ३९ अंशांना अतिवाहक होते असे जाहीर केले. हे संयुग १९५० च्या दशकापासून रसायनांच्या बाटल्यांत विकले जात होते. त्यात अतिवाहकता शोधायचे कोणाला सुचले नव्हते.

आता पुन्हा बीडकडे. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. काही प्रकारच्या पवनचक्क्यांच्या जनित्रांत निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक असतात, आणि त्यातला वजनाने जेमतेम एक टक्का बोरॉन त्या स्फटिकाची घडी सांभाळतो. परळीच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाची राख नळ्यांना घासत राहते. साखर कारखान्यात उसाबरोबर आलेली माती रुळांचे दात आणि चरकाचे भाग खाते. झिजेने घेरलेला असा हा जिल्हा आहे.

मग कोयत्याला बोराइडचा थर द्यावा का? माझे मत आहे की तसाच्या तसा देऊ नये. बोरायडिंगमध्ये पोलाद बोरॉन कार्बाइडच्या भुकटीत पुरून ८५० ते ९५० अंशांवर काही तास ठेवतात. बोरॉन आत शिरतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाडीचा थर तयार होतो. तो कठीण असतो तितकाच ठिसूळही असतो. त्यात दोन प्रकारची लोह-बोराइडे एकावर एक आली तर थंड होताना त्यांच्यात ताण येऊन थर सुटतो, म्हणून बोरॉन कमी असलेले एकच बोराइड मिळावे अशी काळजी घेतात. कोयता दगडावर आपटतो. धार टवकली तर कानस त्या थरावर चालणार नाही, फडात बसून ती नीट करता येणार नाही. शिवाय या भुकटीत मिसळलेल्या फ्लोराइडचा धूर विषारी असतो. भात्यावर करायचे हे काम नव्हे.

कोयत्यासाठी बोरॉन पोलाद बरे. त्यात दहा लाख भागांत जेमतेम १० ते ३० भाग बोरॉन असतो. तो पोलादाच्या कणांच्या सीमांवर बसतो आणि पाणी देताना मऊ रचना तयार होण्याला अटकाव करतो, त्यामुळे पोलाद खोलवर कडक होते आणि चिवटही राहते. प्रमाण वाढले तर मात्र सीमांवर ठिसूळ बोराइडे साचतात. नांगराचे तवे आणि मशागतीची पाती जगभर अशा पोलादाची होतात. बोराइडचा थर शोभेल तो जिथे सतत घासणे आहे आणि आपटणे कमी आहे तिथे: पंपाच्या बाह्या, फवाऱ्यांची तोंडे, राख वाहणाऱ्या झडपा.

हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एका गावचे काही कोयते आणि काही पाती बोरॉन पोलादाची, काही नेहमीची, एकाच हंगामात एकाच रानात वापरायची आणि आधी-नंतर वजन करायचे. बीड आणि अंबाजोगाईच्या तंत्रशिक्षण संस्थांतल्या प्राध्यापकांना आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना माझी विनंती आहे की यंदाचा प्रकल्प म्हणून हे घ्या, कारखान्यांच्या मुख्य अभियंत्यांनी त्यांना झिजलेले भाग मोजायला द्यावेत, आणि टोळ्या चैत्राच्या सुमारास परततील तेव्हा त्यांच्या कोयत्यांचे वजन करून निकाल मराठीत छापा.