जत्रेचा पाळणा आणि पार्कचं तिकीट

आपल्या गंगापूर तालुक्यातल्या जत्रांत आकाशपाळण्याचं तिकीट वेगळं, ब्रेकडान्सचं वेगळं. १९५५ साली सुरू झालेलं अमेरिकेतलं डिस्नेलँडही आधी असंच चालायचं. १९८२ मध्ये त्यांनी सुटी तिकिटं बंद केली आणि एकच प्रवेशशुल्क ठेवलं. खोपोलीच्या इमॅजिकाचं गणितही तेच: एकदा आत गेलात की दिवसभर खेळा. पुढची कमाई खाण्यापिण्यातून, लॉकरमधून.

कराचा भारही समजून घ्या. २०१७ मध्ये अशा पार्कांवर २८ टक्के जीएसटी लागला, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. सर्कशीच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर मात्र कर नाही. गावोगाव फिरणाऱ्या पाळण्यांनाही ही माफी मिळायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यांचा धंदा जत्रेच्या मोजक्या दिवसांचा.