विहारातली पाली – लेखांक सातवा : वंदना पाठ आहे, आता व्याकरण

धर्मानंद कोसंबी १९१२ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढे कितीतरी वर्षे ही भाषा महाराष्ट्रात वर्गाबाहेर फारशी पडली नाही, हे मागच्या लेखांकात पाहिले. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर ती वस्तीवस्तीत पोहोचली, ती वंदनेच्या रूपाने. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या विहारांत त्रिसरण-पंचशील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. माझ्या मते पाली शिकायला याहून चांगले पहिले पुस्तक नाही. ‘बुद्धं’, ‘धम्मं’, ‘संघं’ ही तीन नामांची द्वितीया. ‘गच्छामि’ हे प्रथमपुरुषी एकवचन. शंभर उपासक एका सुरात म्हणत असले, तरी क्रियापद ‘आम्ही’चे नाही, ‘मी’चे आहे. हे एवढे कळले तरी रोजची वंदना निराळी ऐकू येते. शब्दही परके नाहीत : हत्थ-हात, सत्त-सात, दुद्ध-दूध.

पण हे विहारात, एकत्र बसूनच का करायचे? कारण हे वाङ्मय घडलेच तसे. परंपरेनुसार श्रीलंकेत लेखनबद्ध होईपर्यंत तिपिटक भिक्षूंच्या मुखी होते; दीघनिकाय सांभाळणारे दीघभाणक वेगळे, मज्झिमभाणक वेगळे. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटकावी, ही त्यातली तपासणी. सुत्तांतली पुनरुक्ती एकट्या वाचकाला कंटाळवाणी होते, तो पाने उलटतो. सामूहिक पठणात तीच नामरूपे आणि धातुरूपे जिभेवर बसवते. साधनांचीही वाण नाही. बाबासाहेबांच्या पाली व्याकरण व कोशाचा खंड शासनाने छापला आहे, देवनागरी तिपिटक उपलब्ध आहे. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालतेच. त्यातला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ.

सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द विनयपिटकातून येतो. बुद्धवचन छंदसात, म्हणजे वेदांच्या भाषेत, घालू द्या, असे दोन ब्राह्मण भिक्षूंनी विचारले, तेव्हा बुद्धाने त्यांना नकार दिला आणि लोकांना आपापल्या बोलीत शिकण्याची मोकळीक दिली. मग मराठी भाषांतर असताना पाली कशाला? (बुद्धघोष त्या बोलीचा अर्थ मागधी असा करतो, पण तो वाद इथे सोडून देऊ.) धम्म सांगायचा तो मराठीतच, यात शंकाच नाही. परंतु महापरिनिब्बान सुत्तातला दंडकही तितकाच स्पष्ट आहे : बुद्धाच्या नावावर कोणी काही सांगितले, तर ते सुत्त आणि विनयाशी ताडून पाहा. भाषांतरावर भागवणाऱ्याला ही ताडणी भाषांतरकारावर सोपवावी लागते. पालीमुळे नवे पुरोहित तयार होतील, ही भीतीही खोटी नाही; मात्र ते तयार होतात चार जणांनाच भाषा येते तेव्हा. पोटापाण्याचे म्हणाल, तर आक्षेप मान्य. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून पाली २०१३मध्ये गेली आणि ऑक्टोबर २०२४च्या अभिजात दर्जाने नोकऱ्या लगेच येणार नाहीत.

तरीही बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत एक वर्ग भरवून पाहावा. तिथले बरेच लेख प्राकृतात आहेत, पालीशी सख्खे नाते असलेल्या. सोपारा, कल्याण इथल्या व्यापाऱ्या-कारागिरांची, म्हणजे गृहस्थ उपासकांची नावे त्यांत आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. ‘देयधम्म’ (दान) हा शब्द ओळखायला पाली पुरते, अक्षरे ओळखायला मात्र ब्राह्मी हवी. ती पुढच्या लेखांकात.