सेंट किल्डा : एकाकीपणाची दंतकथा आणि दगडांची साक्ष

29 ऑगस्ट 1930 रोजी ‘हेअरबेल’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने हिर्ता बेटावरच्या उरल्यासुरल्या 36 माणसांना मुख्य भूमीवर नेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजच्याही पलीकडे, भर अटलांटिकमध्ये असलेल्या सेंट किल्डा द्वीपसमूहातले हे एकमेव वसते बेट. ते ओस पडले आणि त्यावरची पुस्तके वाढतच गेली. बहुतेकांचा सूर एकच: जगापासून तुटलेली, समुद्रपक्ष्यांवर जगणारी भोळी माणसे बाहेरच्या वाऱ्याने कोलमडली. टॉम स्टील यांचे 1965 चे पुस्तक या सुराचा उत्तम नमुना. ते मन हेलावते, वाचावेच. पण त्यातले चित्र अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे.

कारण त्या चित्राला तडा देणारा पुरावा अगदी पहिल्या पुस्तकातच आहे. स्काय बेटावरचा, गेलिक बोलणारा मार्टिन मार्टिन 1697 मध्ये हिर्तावर गेला. पुढच्याच वर्षी त्याचे प्रवासवर्णन छापून आले. त्याने बेटावर सुमारे 180 माणसे असल्याचे लिहिले आहे. ही माणसे कुणाची तरी कुळे होती. मॅक्लाउड जमीनदाराचा कारभारी दरवर्षी लवाजम्यासह येई, बेटावर मुक्काम ठोकी आणि खंड वसूल करी. पुढच्या काळात पिसे हा या खंडाचा मोठा भाग झाला. ज्याच्या दारात वसुलीदार येतो, त्याला जगापासून तुटलेला कसे म्हणायचे?

1727 ची देवीची साथ तर या संबंधाचीच भीषण किंमत होती. हॅरिस बेटावर देवीने मेलेल्या एका हिर्तावासीयाचे कपडे परत आणले गेले आणि गाव जवळजवळ संपले. तीन पुरुष आणि आठ मुले पक्षी पकडायला स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर गेली होती. त्यांना न्यायला नाव वल्हवणारे कुणी उरले नाही. अख्खा हिवाळा त्यांनी त्या खडकावर काढला, म्हणूनच ती वाचली. नंतर जमीनदाराने इतर बेटांवरून कुटुंबे आणून गाव पुन्हा वसवले. ‘प्राचीन अस्पर्शित वंश’ ही कल्पना इथेच गळून पडते.

पुरातत्त्व याहून मागे जाते. हिर्तावर बाराशेहून अधिक ‘क्लीट’ आहेत: चुना-माती न वापरता रचलेली, वर हिरवळीचे छप्पर असलेली दगडी कोठारे. फटींतून वारा खेळतो, आतले पक्षी, अंडी, जळणाचे पीट कोरडे राहते. लोहयुगातले एक भुयारी घरही सापडले आहे. मेरी हार्मन यांनी 1997 च्या ग्रंथात हे सारे चिकाटीने एकत्र मांडले. अँड्र्यू फ्लेमिंग यांनी 2005 मध्ये त्याचा अर्थ लावला. डार्टमूरच्या प्राचीन शेतबांधांचा अभ्यास केलेला हा पुरातत्त्वज्ञ. त्यांच्या मते हिर्ता हा हेब्रिडीजच्या जगाचाच भाग होता, लग्नसंबंधांनी, व्यापाराने आणि खंडाने बांधलेला. गॅनन आणि गेडिस यांचे 2015 चे पुस्तक बेटाच्या तपशीलवार सर्वेक्षणातून उभे राहिले आणि त्यानेही एकाकीपणाची ही दंतकथा तपासायला घेतली.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे: स्टीलपाशी थांबू नका. आधी फ्लेमिंग वाचा, मग मार्टिनकडे वळा आणि त्याच्या पुस्तकात कारभारी काय काय घेऊन जातो, ते नीट पाहा.