चांचा, सनदी गलबतवाला आणि सरखेल

इंग्रज वखारींच्या कागदांत कान्होजी आंग्र्याचा उल्लेख वारंवार 'पायरेट' असा येतो, आणि ते कागद वापरणारे आपले लेखकही त्याचें भाषांतर 'चांचा' असें बिनदिक्कत करून टाकतात. परंतु हा शब्द वर्णनाचा नसून कायद्याच्या आरोपाचा आहे.

चांचा स्वतःच्या बळावर वाटेल त्याचें जहाज लुटतो. इंग्रजींत ज्यास 'प्रायव्हेटियर' म्हणतात, त्यास आपण सनदी गलबतवाला म्हणूं. जहाज व माणसें त्याचीं खासगीच. मात्र युद्धकाळीं शत्रूचीं जहाजें धरण्याची राजाची सनद त्याच्यापाशीं असे, व धरलेलें जहाज न्यायालयापुढें मांडावें लागे. ही चाल १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यानें मोडली. कृत्य दोघांचेंही तेंच. भेद काय तो कागदाचा.

हा कागद गहाळ झाल्यास काय होतें, तें विल्यम किडच्या खटल्यांत दिसतें. त्याच्या सनदेंत फ्रेंच जहाजें धरण्याची मुभा होती. १६९८ त मलबार किनाऱ्याजवळ त्यानें धरलेल्या जहाजावर फ्रेंच दस्तक होतें. परंतु खटल्याच्या वेळीं तें पुढें आलेंच नाहीं. चांचेगिरी व खून ह्या आरोपांखालीं किड १७०१ त फांसावर गेला, आणि हरवलेलीं दस्तकें विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या सरकारी दफ्तरांत सांपडलीं!

आपल्या किनाऱ्यावर परवान्याची सक्ती प्रथम पोर्तुगीजांनीं केली. सावेडीसारख्या देशावरील गांवीं बसून समुद्राची चर्चा करणें कोणास विनोदाचें वाटेल. पण शेजारच्या अहमदनगरच्या निजामशाहीचें बंदर चौल होतें, व तिच्या जहाजांसही पोर्तुगीज 'कार्ताझ' बाळगावें लागे. मुर्तझा निजामशहानें १५७०-७१ त पोर्तुगीजांच्या चौलास घातलेला वेढा निष्फळ ठरला. कार्ताझ नसलेलें जहाज पोर्तुगीज खुशाल धरीत. त्यास ते चांचेगिरी म्हणत नसत.

कान्होजीचें दस्तक ह्याच जातीचें. शिवाय तो सनदी गलबतवालाही नव्हे. तो सरखेल, म्हणजे राज्याच्या आरमाराचा अधिपति. १७१३-१४ त बाळाजी विश्वनाथाच्या मार्फत झालेल्या तहानें शाहू छत्रपतींनीं तें पद त्याजकडे कायम केलें. खरा तंटा निराळाच होता. कंपनीच्या परवान्याखालीं देशी व्यापाऱ्यांचीं जहाजेंही सुटावींत, असें इंग्रजांचें म्हणणें. कान्होजीस तें मान्य नव्हतें. १७१२ त त्यानें मुंबईच्या गव्हर्नराचें जहाज धरलें, आणि पुढच्याच वर्षीं मुंबईकरांनीं ह्या 'चांच्या'शीं करार केला.

तुळाजीचें प्रकरण मात्र बिकट आहे. पेशव्यांनींच इंग्रजांशीं हातमिळवणी केली आणि १७५६ त विजयदुर्ग पडला. मग तुळाजीच्या दस्तकांमागें कोणती सत्ता उरली होती? ह्याचा निर्णय इंग्रजी कागदांतील शिव्यांवरून व्हावयाचा नाहीं. संग्राहकांच्या रुमालांत एखादें आंग्र्यांचें दस्तक निघाल्यास त्यावरील शिक्का कोणाचा, तारीख कोणती आणि मायना कोणाच्या नांवें आहे, हें प्रथम पाहावें.