डोळा अचानक सुजला तर काय बघायचं?



गटाच्या बैठकीत हप्ता, वसुली, कर्ज असं सगळं बोलून होतं. तब्येतीचं मात्र उठता उठता निघतं. "सकाळपासून डोळा सुजलाय गं," असं कुणीतरी म्हणतं, दुसरी एखादा घरगुती उपाय सांगते आणि विषय तिथंच संपतो. बहुतेक वेळा सूज दोन-चार दिवसांत उतरते हे खरं. पण काही वेळा एक रात्र थांबणंही महागात पडतं. तो फरक कळावा म्हणून हे लिहिते आहे.

पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ असते आणि तिच्याखाली सैल जागा असते. त्यामुळे जरासं कारण झालं तरी तिथं पाणी साठतं आणि डोळा भलामोठा दिसतो. म्हणून सूज किती मोठी आहे यापेक्षा ती दुखते का, खाजते का, एका डोळ्याला आहे की दोन्ही, आणि नीट दिसतंय का, हे आधी बघायचं.

पापणीच्या कडेला दुखरी पुळी आली असेल तर ती बहुतेक रांजणवाडी. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं शेक द्या. पुळी फोडू नका. अंगठी तळहातावर घासून लावायची आपली जुनी पद्धत आहे. त्यात गुण आलाच तर तो उबेचा, सोन्याचा नाही. आणि मासळी कापलेल्या हातातली अंगठी डोळ्याजवळ नकोच.

दुखत नाही पण खूप खाज येते, तर ॲलर्जी असू शकते. नवं काजळ, केसांचा रंग, एखादी गोळी, किडा चावणं, कोलंबी-खेकडासुद्धा. "आम्ही तर जन्मापासून खातो" असं तुम्ही म्हणाल, पण वर्षानुवर्षं खाल्लेली गोष्टही एखाद्या दिवशी बाधू शकते. बीपीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुजतं. अशा वेळी थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि ज्याने झालं ते बंद करा. गोळीचा संशय असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. पण डोळ्यांबरोबर ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर घरी काही करत बसू नका. 108 ला फोन लावा.

डोळे येण्याची साथ तर 2023 च्या पावसाळ्यात सगळ्यांनी पाहिली. आळंदीत, बुलढाण्यात आणि मग राज्यभर, लाखो लोकांना झालं. ते नुसतं बघून होत नाही. हात, टॉवेल, उशी यांवरून पसरतं. बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. मेडिकलमधून कुणाच्याही सांगण्यावरून ड्रॉप्स आणू नका. काहींमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि आत जखम असेल तर ती चिघळते.

ही जखमेची गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. वलांडीवर बोंबील घालताना, जाळं साफ करताना काटा किंवा खवला डोळ्यात जातो, नाहीतर मिठाचा हात लागतो. खुपल्यासारखं होत राहिलं, उजेड सहन झाला नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मध, एरंडेल, पाल्याचा रस, अंगावरचं दूध, यातलं काहीही घालू नका. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायांनी तर हे पाठच करावं : डोळ्यात केमिकल उडालं तर आधी पाणी, मग बाकी सगळं. पापणी उघडी धरून निदान वीस मिनिटं धार सोडायची आणि मग दवाखाना. पानाचा चुना पोराच्या डोळ्यात गेला तरी हेच. चुना डोळा जाळतो, त्याची पुडी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

आता ज्यात थांबायचंच नाही ते. एक डोळा लाल होऊन सुजला, ताप आहे, डोळा फिरवताना दुखतो, एकाचे दोन दिसतात किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, तर जंतू खोल गेलेले असू शकतात. लहान मुलांत सर्दीनंतर असं होतं आणि काही तासांत वाढतं. डोळा लाल, डोकं भयंकर दुखतंय, उलटी होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. कपाळावर एका बाजूला फोड येऊन डोळा सुजला तर ती नागीण असते. तिच्यावर मंत्र-लेप करण्यात दिवस घालवू नका, औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो.

दोन्ही डोळे रोज सकाळी सुजतात, पायही सुजतात, लघवीला फेस येतो किंवा ती कमी होते, तर दुखणं डोळ्यांचं नाही, किडनीचं असू शकतं. लघवी तपासून घ्या. गरोदर बाईचा चेहरा अचानक सुजला आणि डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय, तर त्याच दिवशी बीपी मोजायला न्या. आशाताईला सांगा. गरोदर बाईसाठी 102 ची गाडी फुकट आहे.

आणि एक, जी सूज नसतेच. रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी उठतं, पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, डोळे उघडतच नाहीत. घरचे म्हणतात डोळे सुजले. ही मण्यार चावल्याची खूण असू शकते. तिचा दंश दुखत नाही, खूण कधीकधी दिसतही नाही. भगताकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखान्यात न्या, सापाच्या विषावरचं औषध तिथं मिळतं.

मला माहीत आहे, अडतं कुठं ते. दवाखान्यात गेलं की त्या दिवसाची मासळी विकायची राहते, रिक्षाचं भाडं वेगळं. म्हणून "बाजार झाला की बघू" होतं. पण गटाचं अंतर्गत कर्ज आजारपणासाठीही घेता येतं. गटाने पुढच्या बैठकीत ठराव करून ठेवावा, की अशा वेळी अध्यक्ष-सचिवांनी बैठकीची वाट न बघता पैसे कसे द्यायचे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, लावलेलं काजळ किंवा ड्रॉप्सची बाटली पिशवीत टाका आणि सूज कधी, काय केल्यावर सुरू झाली ते डॉक्टरांना आधी सांगा.