झीज मोजायची कुणी?
शताब्दीसारख्या गाड्यांच्या मार्गावर रुळांच्या ओतीव मँगनीज पोलादाच्या क्रॉसिंगची उभी झीज ८ मिमी झाली की वेल्डिंगने दुरुस्ती योजावी, असा रेल्वेचा दंडक आहे. कमाल मर्यादा १० मिमी. मग ही झीज मोजायला सरळपट्टी पुरे की, लेझर यंत्र कशाला? कारण एका बिंदूवरचा आकडा क्रॉसिंगच्या नाकाचा बिघडलेला आकार दाखवत नाही, आणि चाकांचा दणका वाढतो तो त्या आकारामुळेच. लेझर पूर्ण छेद टिपतो. दोन तपासण्यांमधला फरक झिजेचा वेग सांगतो. वंगण, धूळ यंत्राला चकवतात, हा आक्षेप खराच. पण घाईतला माणूसही चकतो, आणि त्याच्या नोंदवहीत पडताळायला उरतो फक्त आकडा. केसासारखे तडे मात्र लेझर हमखास टिपेलच असे नाही. तिथे ट्रॅकमनचा डोळाच हवा.